फ्लिंटलॉक सीझन: मुलाला शिकारीला पाठवावं का?

मेधा:
नमस्कार मंडळी, आमच्या मोठ्याला (१७ वर्षांचा आहे) शेजारचे आजोबा ख्रिसमसनंतरच्या फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी जुनी बंदूक) सीझनला हरणाच्या शिकारीला नेतो म्हणतायत, इथेच पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज गावाजवळच्या डोंगरात. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन्स आहे, पण बंदूक म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्या जुन्या पद्धतीच्या बंदुका फुटतात म्हणे? कोणाला अनुभव आहे का?

अजित:
मेधाताई, मी दरवर्षी जातो, आणि खरं सांगू, बंदूक शिकायचीच तर हीच बरी. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते ना, डुकरं-माकडं हाकायला, त्याच जातीची ही. पेनसिल्व्हेनियात हा सीझन १९७४ ला सुरू झाला आणि नियम कडक आहेत, गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडली पाहिजे, टोपी ठोकून उडणारी किंवा नव्या बनावटीची इनलाइन चालत नाही, हरणासाठी .४४ इंचाच्या खालचं कॅलिबर (नळीचा व्यास) नाही. या लांब नळीच्या रायफली मुळात इथल्याच, अठराव्या शतकात लँकेस्टरकडच्या जर्मन कारागिरांनी घडवलेल्या.

फुटण्याचं म्हणाल तर दारू फक्त ब्लॅक पावडर, हल्लीची स्मोकलेस भरली तर नळी खरंच फुटते. गोळी गजाने दारूवर पक्की बसवायची, मधे पोकळी राहिली तरी धोका, म्हणून गजावर खूण करून ठेवतात. आणि डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही, आधी मापात घ्यायची, कारण आत ठिणगी राहिली असेल तर हातातला डबाच उडेल.

रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी चिमूटभर बारीक दारू, शिकारीच्या जागी पोचल्यावरच घालायची, कानाच्या (नळीच्या बाजूच्या बारीक भोकाच्या) जवळ, पण कान बुजवायचा नाही. बुजला तर आधी फुस्स होतं आणि मग बार उडतो, तेवढ्यात नेम हलतो. डोळ्यासमोर भडका होतो तरी चाप ओढल्यावर नेम तसाच धरून राहायचं, हेच सगळ्यात अवघड आहे आणि हेच त्याला शिकायला मिळेल. बार उडालाच नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं. गाडीत ठेवताना रंजक काढून टाकायची, इथल्या कायद्यात तेव्हाच ती रिकामी धरतात.

बर्फ पडला की हरणं लॉरेलच्या झुडपांच्या जाळीत नाहीतर हेमलॉकच्या झाडांखाली दडतात, आणि हातात एकच गोळी. मी पन्नास यार्डांच्या पुढे मारत नाही, मधे फांदी आली किंवा हरणाच्या खांद्यामागची जागा नीट दिसली नाही तर सोडून देतो. मला ही बंदूक आवडते ती यासाठीच, ती माणसाला थांबायला लावते.

सुहास:
अजित, राग मानू नकोस, पण हरणं मारायचीच कशाला? भारतात तर बंदी आहे. आणि एच-वन (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसा) वाल्यांनी या भानगडीत पडावं का?

अजित:
सुहासराव, राग कसला. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं. पण इथे लांडगे आणि कूगर (मोठी रानमांजरं) कधीच संपवून टाकलेत, हरणं खाणारं फारसं कोणी उरलं नाही. जिथे हरणं फार झालीत तिथे एकदा जंगलात खाली वाकून बघा, नुसतं नेच्याचं रान, ओकचं एक रोप गुडघ्याएवढं वाढलेलं दिसत नाही, आणि त्याच डोंगरावर कुंपण घातलेल्या तुकड्यात बघाल तर रोपांची दाटी. हे पाहिल्यापासून मला शिकारीबद्दल शंका राहिली नाही. मांसही वाया जात नाही, आम्ही खातो, आणि ज्यांना द्यायचं त्यांच्यासाठी हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट नावाचा उपक्रम आहे, त्यातून ते फूड बँकांना जातं.

एच-वनचं असं की फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला बंदी आहे, पण राज्याचं हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. ब्लॅक पावडरच्या ठासणीच्या बंदुका त्या कायद्यात बहुतेक अँटिक धरतात, पण प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, तेव्हा आधी वकिलाला विचारा मगच हात लावा.

मेधाताई, सीझनच्या आधी त्याला आजोबांबरोबर रेंजवर जाऊ दे, तुम्हीही चला, मी येतो. आणि त्याला सांगून ठेवा, बार काढला की त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवून तेल लावायचं, ब्लॅक पावडरची काजळी ओल धरते आणि लोखंड लगेच गंजतं.