पोरांना घेऊन माहेरी गेले तर माझ्यावर केस होईल का?

अनामिक, मनीषनगर
मोठी मुलगी चौथीत, धाकटा साडेतीन वर्षांचा. मारहाण रोजची नाही. पण एटीएम कार्ड त्यांच्याकडे, दुधाच्या पैशाचाही हिशेब, आईशी बोलायचं तर स्पीकर लावून. मी जाते म्हटलं तर म्हणाले, "पोरांना घेऊन उंबरठा ओलांडलास तर अपहरणाची केस टाकतो." घर सासऱ्यांच्या नावावर, माहेर वर्ध्याला, माझी कमाई शून्य. खरंच केस होते का? कोणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा नं.

दोन लेकरांची आई
ताई, हीच धमकी मलाही मिळाली होती. ताब्याबद्दल कोर्टाचा आदेश नसताना आईनं स्वतःची लेकरं सोबत नेणं अपहरण ठरत नाही. पण दुसरी बाजूही बघा. 2023 मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठानं बापाबद्दल तेच म्हटलं: कोर्टाची मनाई नसेल तर नैसर्गिक पालक असलेल्या बापावर अपहरणाचा गुन्हा होत नाही. उद्या ते शाळेच्या फाटकातून मुलीला घेऊन गेले तर पोलीस म्हणतील, कोर्टात जा. म्हणून निघाल्यावर उशीर नको. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कलम 12 चा अर्ज टाका. त्यातच कलम 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा आणि कलम 23 खाली अंतरिम आदेश मागा. कलम 27 मुळे हा अर्ज वर्ध्यालाही चालतो. तात्पुरती राहत असलात तरी.

"मारहाण रोजची नाही" हे वाचून जीव तुटला. पैसे अडवून ठेवणं हाही छळच आहे, कलम 3 मध्ये आर्थिक छळ असा स्पष्ट लिहिलाय. आणि घर सासऱ्यांचं म्हणून तुमचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सतीश आहुजा प्रकरणात हे सांगितलंय.

पोचल्या पोचल्या तिथल्या ठाण्यात लेखी द्या की मी मुलांसह स्वखुशीनं इथे आले आहे, आणि शिक्का मारलेली पोच घ्या. ते हरवल्याची तक्रार देतील तेव्हा हाच कागद कामी येतो. फोनमधलं लोकेशन शेअरिंग निघायच्या वेळीच बंद करा, आधी केलं तर संशय येतो.

वकील, सिव्हिल लाईन्स
वरच्या ताईंनी बरोबर सांगितलं. थोडी भर घालतो. तुम्ही हिंदू असाल तर 1956 च्या पालकत्व कायद्याच्या कलम 6 प्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो. मुलीच्या बाबतीत तिचं हित बघतात, आईची कमाई नाही एवढ्यावरून ताबा नाकारत नाहीत. वडिलांना भेटीची परवानगी मिळू शकते, ती गृहीत धरा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते (रजनेश विरुद्ध नेहा, 2020), म्हणून अर्ज लवकर टाका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला वकील मोफत देतं, उत्पन्न विचारत नाही.

अनामिक, मनीषनगर
मुलांचे जन्मदाखले त्यांच्या कपाटात कुलूपबंद आहेत. मागितले तर लगेच कळेल.

दोन लेकरांची आई
मागूच नका. जन्म जिथे नोंदला त्या महानगरपालिकेतून दाखल्याची प्रत पुन्हा निघते. शाळेत मुलीचं बोनाफाईड मागा. लसीचं कार्ड आणि दागिन्यांचे फोटो दादाला पाठवा, आणि पाठवल्यावर चॅट पुसून टाका. रात्री काही झालं तर 112 लावा, सल्ल्यासाठी 181 आहे. फोन शेजारणीचा वापरा.