अनुभव धागा : ‘फोटो बघा, ओळ सुचवा’ – धंद्याला खरंच उपयोग होतो का?

धागाकर्ती

घरगुती आणि छोटे व्यवसाय करणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यातला. इतर ग्रुपांवर जे चालतं तेच आमच्याकडे चालायचं. सकाळी फुलांवर छापलेले सुविचार, दुपारी जो तो आपलं रेटकार्ड टाकून पसार, दुसऱ्याचं कुणी उघडूनही बघायचं नाही. म्हणून मी दर शुक्रवारी एक गमतीदार फोटो टाकून ‘ओळ सुचवा’ म्हणायला सुरुवात केली.

एकदा बंद शटरचा फोटो टाकला. शटरवर पाटी : ‘दुकान चालू आहे’. त्यावर ‘दुकान बंद, मालक चालू’ अशी ओळ आली ती अशा गृहस्थांकडून, जे ग्रुपवर आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. लोक विचारू लागले, दादा, तुम्ही करता काय? तर ग्रिल आणि जिन्याचे कठडे. त्याच संध्याकाळी एका ताईंनी त्यांना आपल्या बाल्कनीची मापं पाठवली.

दर वेळी असं होतं असं नाही. नुसतंच हसून पांगतात असेही शुक्रवार पुष्कळ. म्हणून हा धागा. तुम्ही कसला फोटो टाकलात, लोक काय म्हणाले, ऑर्डर आली की नुसते दात दिसले, भांडणं झाली का, सगळं लिहा. ‘असं करावं, तसं करावं’ नको, घडलेलं हवं.

देवगडचा बागायतदार

हंगामात सगळे आंबेवाले त्याच त्या कापलेल्या फोडी दाखवतात. मी रिकाम्या पेटीत, भाताच्या पेंढ्यावर मुटकुळं करून झोपलेल्या आमच्या कुत्र्याचा फोटो टाकला. ‘अढीत घातलाय, आठवडा लागेल.’ ‘पाच डझनाच्या पेटीत एक नग वर, मालक दिलदार.’ ‘साका (आतला बिघडलेला गर) निघाला तर बदलून मिळेल का?’ इथपर्यंत ठीक होतं. मग मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं, ‘हा कर्नाटकचाच आहे, देवगडच्या पेटीत येऊन झोपलाय.’

मी हसलो, पण वर्मावर बोट होतं, कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने खपवतात ना. खाली लगेच तिघाचौघांनी विचारलं, खरंच, ओळखायचा कसा? तिथे मी सविस्तर लिहिलं. आमच्या आंब्याची साल पातळ, गर केशरी. तिकडच्याची साल जाडसर, गर पिवळटपणाकडे झुकणारा. पिकल्यावर वास तर खोलीत पाऊल टाकताच कळतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांसाठी, हेही बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा कळलं. एरवी हीच माहिती जाहिरात म्हणून टाकली असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. कुत्र्याखाली लिहिली म्हणून वाचली.

त्या हंगामात मला नवीन गिऱ्हाईक मिळालं ते बहुतेक त्या उत्तरामुळे. कुत्रा निमित्त.

विमा एजंट, नाशिक

आमच्या धंद्यात विनोद जरा जपूनच. तरी दिवाळीच्या साफसफाईत मुलाने काढलेला माझाच फोटो टाकला. स्टुलावर शिडी, शिडीवर मी पंखा पुसतोय, खाली सौ. शिडी धरून उभी. वर फक्त ‘ओळ सुचवा’.

पहिलं उत्तर : ‘नॉमिनी शिडी धरून उभी आहे.’
दुसरं : ‘नीट बघा, धरलीये की हलवतेय?’

दोन दिवस हसणं चाललं. मग जुन्या पॉलिसीधारकांचे खासगीत मेसेज यायला लागले, ‘अहो, माझ्या पॉलिसीत नॉमिनी कोण आहे?’ एकांच्या पॉलिसीत लग्नाआधी लिहिलेलं वडिलांचं नाव तसंच होतं, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. अर्ज भरून बदल करून दिला. त्यात मला कमिशन शून्य, पण पुढे त्यांच्या मुलीची पॉलिसी माझ्याकडेच झाली. नॉमिनी तपासा म्हणून मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतोय, तेव्हा कुणी हललं नव्हतं.

माझ्यासारख्यांनी एक पथ्य पाळावं. अशा फोटोवर योजनेचं नाव, परतावा, कंपनीचा लोगो काही घालू नये. एजंटच्या जाहिरातीला कंपनीची आधी मंजुरी लागते, आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, तसा नियम आहे. नुसता फोटो, नुसती गंमत.

चकलीवाली, सांगली

@विमा एजंट, नॉमिनी!! हसून हसून पुरेवाट.

माझा अनुभव छोटासा. सोऱ्यातून एक चकली अशी काही वळली की थेट प्रश्नचिन्ह झालं. तळली, फोटो काढला, टाकला. ‘भाजणी बिघडली की सून?’ ही ओळ आली आणि तिच्यावर बायकांचे हास्याचे फवारे. सासूबाईंना परीक्षक नेमलं होतं. त्यांनी ती ओळ सरळ बाद केली. म्हणाल्या, भाजणी माझी आहे. 😄

बक्षीस अर्धा किलो भाजणी ठेवलं होतं. विजेती निघाली दिल्लीची. कुरिअरवाल्याने सांगितलेल्या पैशात इथे किलोभर चकली आली असती. आता बक्षीस नाही, जिंकणाऱ्याची ओळ त्या आठवड्याच्या प्रत्येक पुड्यावर चिकटवते. लोक स्वतःची ओळ असलेला पुडा मागून घेतात, आणि एकाऐवजी चार घेतात.

पाणीकमी

माझा अनुभव उलटा आहे. छत्रपती संभाजीनगरात हार्डवेअर आणि प्लंबिंगचं दुकान. फुटक्या पाइपाला प्लास्टिकची पिशवी बांधलेला फोटो पेजवर टाकला. ओळींचा पाऊस पडला. पण लिहिणारे कुठले? सातारा, नागपूर, दुबई. दुबईहून कोण माझ्याकडे वॉशर घ्यायला येणार? गल्लीतला एक माणूस त्यात नव्हता.

मोबाईलवरचं बंद केलं. तोच फोटो छापून काउंटरच्या काचेखाली सरकवला, शेजारी दोरीने पेन बांधलेली वही ठेवली. पोरगा आतून माल काढेपर्यंत प्लंबर मंडळी लिहितात. आजवरची सगळ्यात भारी ओळ एका प्लंबरची : ‘तात्पुरतं केलंय. २०११ पासून.’ आता ते लोक आधी वही उघडतात, कुणी काय लिहिलं बघतात, मग मालाचं बोलतात. शेजारच्या दुकानातही माल तोच आणि भावही तोच, पण वही इकडे आहे.

एजन्सीतला

मुंबईत जाहिरातींचा मजकूर (कॉपी) लिहितो. मोबाईलवरून टंकतोय, चूभूदेघे.

डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की ‘पटलं तर लाइक ठोका’, ‘अशा मित्राला टॅग करा’ छापाच्या पोस्ट ते खाली ढकलणार. स्पर्धेत भाग घेण्यासाठी स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा किंवा मित्रांना टॅग करा अशी अट घालणं तर त्यांच्या नियमांत बसतच नाही. तरी क्लायंटची मागणी तीच, ‘शेवटी तीन मित्रांना टॅग करायला सांग ना.’ ओळ मागितली की निदान समोरच्याला डोकं चालवावं लागतं, आणि ज्याने डोकं चालवलं तो दुसऱ्यांनी काय लिहिलं हे बघायला परत येतो. ‘मस्त’, ‘छान’ लिहिणारा येत नाही.

पण मोठ्या ब्रँडचं दुखणं वेगळं असतं. वाऱ्याने छत्री उलटी झालेल्या माणसाच्या फोटोवर एकाने भन्नाट ओळ टाकली होती, ‘सिग्नल येतोय का बघतोय’. माझ्याकडे लगेच उत्तर तयार होतं. ते ब्रँड टीमकडे गेलं, तिथून लीगलकडे. मंजुरी आली तोवर ऊन पडलं होतं.

१९६६ पासून अमूलच्या होर्डिंगवरची ती मुलगी ताज्या घडामोडींवर ताजी राहिली, याचं मोठं कारण मला हेच वाटतं. अमूलचे डॉ. कुरियन यांनी जाहिरात करणाऱ्या सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांना प्रत्येक होर्डिंगसाठी परवानगी मागत बसू नका अशी मोकळीक दिली होती. चकलीवाल्या ताईंची परीक्षक घरातच आहे, त्यांना माझ्यापेक्षा जास्त स्वातंत्र्य आहे. (सासूबाईंना नमस्कार.)

कोल्हापूरकर, चप्पल लाइन

जून २०२५ मध्ये मिलानला प्रादा या इटलीच्या कंपनीच्या फॅशन शोत आपलं पायताण दिसलं. आधी कोल्हापूरचं नाव न्हाई का गाव न्हाई. बोंब झाल्यावर कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा इकडची. त्या आठवड्यात आम्ही दुकानातला एक जोड मंडईत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवून फोटो टाकला. नाद खुळा ओळी आल्या.

‘इटलीला जाऊन आलं, पण करकर काय सुटली न्हाई.’
‘लाखाचं पायताण देवळाबाहेर काढून ठेवणार कोण?’

तिसरी कर्नाटकातल्या अथणीच्या माणसाची : ‘शिवलं अथणीत, मिरवलं कोल्हापुरात, विकलं मिलानला.’ यावर मात्र जुंपली. खरं तर त्याचं बरोबर होतं. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे आहेत, आणि अथणी भागातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. मी तीच ओळ विजेती ठरवली. दोन गिऱ्हाइकं रुसली, रुसू देत.

मग एका कारागिराच्या पोरानं लिहिलं, ‘फोटोत चप्पल हाय, हात कुणाचे ते न्हाईत.’ हा विनोद नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच्याच वडलांना विचारून, चामड्याची वेणी घालणाऱ्या त्यांच्या हातांचा फोटो टाकला, खाली त्यांचं नाव. त्याला ओळ मागितली नाही. त्या फोटोवर आलेल्या चौकशा सगळ्यात जास्त, आणि त्याही भाव न पाडणाऱ्या लोकांच्या.

ऐकून वाचणारा

मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचतो. ‘ओळ सुचवा’ म्हटलं की माझ्या कानावर पडतं ‘फोटो’, आणि पुढे सत्तर लोक हसतायत. लग्नाच्या पंगतीत वाढपी आपल्यालाच टाळून पुढे गेला तर कसं वाटेल, तसं.

एका हस्तकलेच्या ग्रुपवर मी हे बोलून दाखवलं. तेव्हापासून तिथल्या ताई फोटोखाली दोन ओळींचं वर्णन लिहितात. ‘मातीचा गणपती, अजून रंगवलेला नाही. उंदीर मोदकाकडे नाही, मोबाईलकडे बघतोय.’ मी लिहिलं, ‘मोदक डिलिव्हरीला किती वेळ, ट्रॅक करतोय.’ त्या आठवड्याचा मान मला मिळाला. गंमत अशी की वर्णन लिहायला लागल्यापासून डोळसांच्या ओळीही सुधारल्या. उंदीर मोबाईलकडे बघतोय हे निम्म्या लोकांना आधी दिसलंच नव्हतं म्हणे.

या धाग्यावर सगळ्यांनी फोटोंची वर्णनं केलीत म्हणून मला आज सगळं कळलं. पेटीतला कुत्रा फार आवडला.

न्यू जर्सीहून

ऐकून वाचणारे, तुमच्या प्रतिसादाला दंडवत.

इकडे ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात हा खेळ १९९८ पासून आहे. आधी वर्षातून एकदा असायचा, २००५ पासून दर आठवड्याला. ओळ नसलेलं व्यंगचित्र छापतात, हजारो वाचक ओळी पाठवतात, तीन निवडून मतदान होतं. प्रख्यात चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांनी शंभराहून जास्त वेळा ओळी पाठवल्या, तेव्हा कुठे २०११ मध्ये जिंकले. लोक तिथे पैशासाठी येत नाहीत, आपलं नाव चित्राखाली यावं म्हणून येतात. पुड्यावरच्या ओळीमागेही तेच आहे.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या तिकिटांसाठी आम्ही बर्फात फावडं घेऊन उभ्या असलेल्या धोतरातल्या काकांचा फोटो टाकला होता. मराठी ओळी मोठ्यांच्या आल्या, पोरांच्या इंग्रजी. इंग्रजी जास्त चांगल्या होत्या. बोलणार काय?

काळा कोट

अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. वरच्या सगळ्यांनी स्वतःचे फोटो वापरले, ते उत्तम. मी वकील, माझ्याकडे येतात ते सिनेमातल्या नटाचा फोटो उचलून त्यावर दुकानाचं नाव टाकणारे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज, छबी आणि त्यांचं ते ‘झकास’सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. मित्रांत गंमत करणं वेगळं, माल विकायला नटाचा चेहरा वापरणं वेगळं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा फोटोही टाळा. तो कोर्टात जाणार नाही कदाचित, पण त्याच्या घरचे बघतात.

धागाकर्ती

@काळा कोट, आमचा नियम तोच. वस्तूवर हसा, माणसावर नको. बायकोवरच्या विनोदांनाही बंदी घातली तेव्हा दोघे ग्रुप सोडून गेले. ग्रुप उलट वाढला.

चंदनवाडी

सगळं वाचलं, मजा आली. आमचं अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान आहे, त्यामुळे आम्ही काही टाकत नाही. पण आमच्याबाबतीत लोकांनीच टाकलं. नवीन पाटी रंगवून घेतली होती, ‘सर्व साहित्य एकाच ठिकाणी, २४ तास सेवा’. पेंटरने हातासरशी खाली रंगवलं, ‘धन्यवाद, पुन्हा या’.

कुणीतरी फोटो काढला आणि ओळी सुरू झाल्या. ‘जुन्या ग्राहकांना सवलत.’ ‘आम्ही येऊ, तुम्ही थांबा.’ घरच्यांना राग आला, पाटी लगेच पुसून घेतली. फोटो मात्र अजून फिरतोय. त्यात आमचा नंबर स्वच्छ दिसतो. फोन येतात. कसे कळलो विचारलं की समोरचा जरा घुटमळतो, मग सांगतो. आम्ही पत्ता लिहून घेतो आणि गाडी काढतो.