सल्ला हवा: बाबांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी, बजेट ३५ हजार (ठाणे)

शर्वरी_कोलशेत
नमस्कार. बाबा तीस वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिन रूममध्ये होते. मार्चमध्ये त्यांची बायपास झाली, तेव्हापासून घरीच आहेत आणि दिवस खायला उठतो म्हणतात. परवा त्यांनी स्वतःहून सांगितलं की खाऱ्या पाण्याची टाकी हवी. किती महिन्यांनी त्यांनी काहीतरी मागितलं! गोड्या पाण्याचे मासे आम्ही पूर्वी पाळलेत, खाऱ्याचा अनुभव शून्य. फ्लॅट सातव्या मजल्यावर. सगळं धरून ३५ हजार, त्याच्या वर खरंच शक्य नाही. केवढी टाकी घ्यावी, काय लागेल, मासे कुठले?

खारघरचा_रीफवाला
६ फुटांच्या खाली जाऊच नका. माझ्या टाकीवर आतापर्यंत साडेतीन लाख झालेत आणि एक रुपया वाया गेला असं वाटत नाही. संध्याकाळी निळे दिवे लागले की पाहुणे टीव्हीकडे ढुंकूनही बघत नाहीत. पाणी जितकं जास्त तितकं ते स्थिर राहतं. पाणी थंड ठेवायला चिलर घ्या, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर भारीतला घ्या.

मंदार_नौपाडा
दादा, बजेट वाचा की. शर्वरी, ४ फूट बाय दीड बाय दीड घे. २५० लिटर होतात. माझी तेवढीच आहे, पाच वर्षं झाली. चिलर मात्र हवाच.

नेरूळकर_काका
२५० लिटर म्हणजे २५० किलो नुसतं पाणी. वर काच, दगड, स्टँड. साडेतीनशे किलो सातव्या मजल्यावर? राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून काढतात. आधी सोसायटीला लेखी कळवा.

मंदार_नौपाडा
काका, ते २०० किलो अख्ख्या खोलीभर पसरलेलं वजन धरतात. भिंतीलगत, बीमच्या वर ठेवली की काही होत नाही. पुस्तकांनी भरलेलं कपाट काय कमी असतं?

नेरूळकर_काका
कपाट फुटून खालच्यांच्या पीओपीवर पाणी गळत नाही. आमच्या वरच्यांची टाकी रात्री दोनला फुटली होती. भरपाईवरून दीड वर्ष भांडण चाललं.

विक्की_घणसोली
मीठ विकत कशाला घ्यायचं? गाडी काढा, उत्तनच्या समुद्रावर जा, चार कॅन पाणी भरून आणा. फुकट आणि अस्सल.

चेंदणीचा_कोळी
विक्कीभाऊ, आमचा जन्म या पाण्यावर गेलाय म्हणून सांगतो, असलं करू नका. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी, डिझेल, गाळ सगळं असतं. पावसात नदीनाल्यांचं गोडं पाणी मिसळलं की खारटपणा झपकन खाली येतो. आज आणलं आणि पुढच्या आठवड्यात आणलं, तर दोन्ही सारखं निघणार नाही. ताई, मीठ विकतचंच घ्या, एक्वेरियमचं. स्वयंपाकाचं नको.

मधुरा_ऐरोली
मीठ कितीही चांगलं घ्या, पाणी उडून जातं तेव्हा मीठ टाकीतच राहतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पातळी उतरली की मी खारं पाणी ओतायचे. महिनाभरात घनता १.०२५ वरून १.०३२ वर गेली. आधी शंख गेले, मग कोळंबी. शेवटचा शंख काचेवरून सुटून वाळूवर पडला, तो मी तीन दिवस तसाच ठेवला होता, उठेल म्हणून. तेव्हा रोजची भर साध्या पाण्याची घाला, खारं पाणी फक्त बदलताना. आणि साधं म्हणजे नळाचं नाही. घरच्या आरओला बहुतेक मिनरल कार्ट्रिज असतं, त्याचंही नको. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्याच्या आसपास हवा.

खारघरचा_रीफवाला
मी ही भर आपोआप घालणारा पूर्ण ऑटो टॉप-अप बसवलाय. घ्याच.

समीर_वाशी
शर्वरीताई, गोड्या पाण्याची घ्या. गप्पी सोडा, निवांत राहा. खाऱ्या पाण्याने मला फार रडवलंय. तीन फुटीत निळा टँग मासा आणला. त्याला सहा फुटी लागते, ते दुकानदाराने सांगितलं नाही. आठ दिवसांत अंगावर पांढरे ठिपके. त्याच दुकानदाराने दिलेलं तांब्याचं औषध मी सरळ मोठ्या टाकीत ओतलं. तांब्याने शंख-कोळंबी मरतात हे मला नंतर कळलं, आणि ते दगडांत मुरतं. दगड टाकून द्यावे लागले. मासा तर गेलाच.

तरी घेणारच असाल तर एवढं करा. मीठ, वाळू, दगड घालून टाकी चार ते सहा आठवडे माशांशिवाय चालवा. रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. टाकलेलं खाद्य पचवूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला लागले की पहिला मासा, आणि तोही आधी वेगळ्या छोट्या टाकीत महिनाभर ठेवून. खारटपणा मोजायला हायड्रोमीटर नको, रिफ्रॅक्टोमीटर घ्या.

विक्की_घणसोली
प्रवाळ टाका ना थोडे, मस्त दिसतात. आणि एक समुद्री घोडा.

चेंदणीचा_कोळी
समुद्री घोडे आणि दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड कुणी देऊ केला तर तोही नको. जाळ्यात घोडा आला तर आम्ही परत सोडतो. ताई, तयार केलेला कोरडा दगड मिळतो, तो घ्या.

मंदार_नौपाडा
चिलर विसरू नको.

मधुरा_ऐरोली
चिलर, चिलर काय! ३५ हजारांतले निम्म्याहून जास्त त्यातच जातील. शर्वरी, बाबांच्या खोलीत एसी आहे का? दिवसभर खोली २६-२७ वर राहत असेल तर टाकी तिथेच ठेव. रात्री एसी बंद केलात तर वर छोटा पंखा लाव, दोन-तीन अंश उतरतात. फक्त पाणी जास्त उडेल, भर रोज घालावी लागेल. आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेव. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मासे तासाभरात वर येऊन तोंड उघडायला लागतात.

नेरूळकर_काका
हॉलमध्येच ठेवा. पाणी सांडलं तर पुसता येतं.

समीर_वाशी
हॉलच. आणि तीन फुटांच्या खाली नको, चूक झाली तर सावरायला जागाच उरत नाही.

मधुरा_ऐरोली
तीन फूट हवेच, त्याला माझंही अनुमोदन. मासे क्लाउनफिश घे, टाकीत पैदास केलेले. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याने राहतात तो ॲनिमोन नावाचा प्राणी नसला तरी मजेत राहतात. एक मोठा, एक छोटा घे. जन्मतः सगळे नर असतात, जोडीतला थोरला मादी होतो.

शर्वरी_कोलशेत
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय झाला, आणि बऱ्याच जणांना पटणार नाही. दोन फुटी घेतली, साधारण ८५ लिटरची. ठेवलीय बाबांच्या खोलीत, एसी दिवसभर असतोच.

लहान घेण्याचं कारण सांगते. डॉक्टरांनी पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं बजावलंय. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे या टाकीत आठ लिटर, चार-चार लिटरचे दोन कॅन. ते बाबा स्वतः उचलू शकतात. मोठी घेतली असती तर पाणी मी बदललं असतं आणि ते खुर्चीत बसून बघत राहिले असते. समीरदादा, चुकीला जागा कमी आहे हे मान्य, म्हणून मासे दोनच, आणि तेही गणपतीनंतर. चिलर नाही, स्किमर नाही. रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट, बॅटरीचा पंप घेतला. २६ हजारांच्या आत झालं.

आत अजून फक्त दगड, वाळू आणि फिरणारं पाणी आहे. बाबांनी लांबट वही आणून पट्टीने रकाने आखलेत, जहाजावर वॉचच्या नोंदी ठेवायचे तसे. सकाळी आठ, बारा, चार, रात्री आठ. काल चारच्या ओळीत लिहिलंय: तापमान २७. घनता १.०२५. अमोनिया १. पंप चालू. खाली पूर्ण सही केलीय.