कमरमागावर (कमरेला पट्टा बांधून विणायच्या मागावर) पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आक्रसतो, काय करावं?

प्रश्न: मणिपूरमध्ये २०२३ पासून मदत छावण्यांत राहणाऱ्या विणकर बायकांसाठी विचारतेय. कापडाचा पट्टा १८ इंचांवर सुरू होतो, मीटरभरात १६ वर येतो. दोन पट्टे जोडताना काठ जुळत नाहीत.

उत्तर १: बाणा, म्हणजे आडवा धागा, ताणून घेतला जातोय. तो कमानीसारखा सैल टाकून मग ठोका. शिवाय पन्ह्याएवढी बांबूची कामटी, टोकांना टाचण्या लावून, काठांत अडकवा. दर दोन इंचांनी पुढे सरकवा.

उत्तर २: कामटी हवीच. पण ताण विणणारीच्या पाठीवर असतो ना! मधेच उठून पुन्हा बसलं की तो बदलतो, कापडात आडवी रेघ उमटते. पाय टेकायच्या फळीची जागा खुणेने पक्की करा.

प्रश्नकर्ती: फळी सरकतेच आहे. खुंटी ठोकून घेते.