पहिल्यांदाच इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटला पाच मिनिटांत काय समजावायचं?

बीफार्म_अंतिमवर्ष
फार्मसी प्रॅक्टिस आम्हाला सातव्या सेमिस्टरला आहे, पण नुसती थिअरी. इन्सुलिनचे प्रकार, कोणतं कधी काम सुरू करतं, किती तास टिकतं, हे सगळं पाठ आहे. पण साठीच्या एखाद्या आजी ३०/७० ची (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनच्या मिश्रणाची) बाटली आणि सिरिंज घेऊन समोर उभ्या राहिल्या, तर सुरुवात कुठून करायची? इन्सुलिन पेन (आकडा फिरवून डोस लावायचं, पेनासारखं साधन) नाही, बाटलीच आहे असं धरून सांगा.

वॉर्डफार्मसिस्ट
सुरुवात सांगण्यापासून नको, विचारण्यापासून कर. "डॉक्टरांनी हे कशासाठी दिलंय? कसं घ्यायला सांगितलंय? घेतल्यावर काय होईल म्हणाले?" या तीन उत्तरांतून काय राहिलंय ते कळतं आणि तेवढंच सांगायचं असतं.

मग बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेव. हे आधी, बाकी सगळं नंतर. आपल्याकडे बहुतेक बाटल्या एका मिलीत ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. ४० च्या बाटलीतलं औषध नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर ते ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट होतं. साखर उतरत नाही, डोस वाढवला जातो. उलटी चूक जीवघेणी आहे: १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं की अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट पोटात जातात. हे गणित आजींना सांगायचं नाही. "लाल टोपण, बाटलीवर ४०" एवढंच त्यांच्याकडून वदवून घे, आणि रिकामी सिरिंज दाखवूनच नवी घ्यायला सांग.

इन्सुलिन_शिकवणी
आता ओढण्याची कृती, २० युनिटसाठी. हात धुवायचे. ३०/७० दुधाळ असतं आणि खाली बसतं, म्हणून बाटली तळहातांत दहा वेळा घोळवायची, मग दहा वेळा खालीवर करायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि माप चुकतं. रबर पुसून आधी २० युनिट हवा आत सोडायची, मग बाटली उलटी धरून २० ओढायचं. हवा न सोडता ओढत राहिलं की बाटलीत पोकळी होते आणि औषध यायला अडतं. बुडबुड्याला पेशंट फार घाबरतात. कातडीखाली तो अपाय करत नाही, पण औषधाची जागा खातो आणि डोस कमी पडतो. म्हणून टिचकी मारून काढायचा.

टोचायचं पोटावर, बेंबीपासून दोन बोटं सोडून. दट्ट्या पूर्ण दाबून दहा आकडे मोजायचे, मगच सुई बाहेर. रोज जागा बदलायची. एकाच जागी टोचत राहिलं की गाठ होते आणि तिथून औषध कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. इथे एक गोष्ट बरेच जण सांगायची विसरतात: गाठीतून चांगल्या जागी आल्यावर तोच डोस जास्त लागू पडू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना आधी कळवायचं.

मेडिकल_काउंटर
वरचं सगळं बरोबर, पण पाच मिनिटांत पेशंटच्या डोक्यात इतकं मावत नाही. पहिल्या दिवशी माझ्या मते चारच: सिरिंज, वेळ, साखर कमी झाल्याची लक्षणं, ठेवायची जागा. टोचणं पुढच्या भेटीत पुन्हा करून दाखवायला सांगा.

वेळ म्हणजे जेवणाआधी अर्धा तास. "इंजेक्शन घेतलं की जेवायचंच" हे दोनदा सांगा, आणि चतुर्थी-एकादशी करता का हे स्वतःहून विचारा. उपास असेल तर डोस काय, हे डॉक्टरच ठरवतील, आपण आकडा सांगायचा नाही. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक लागली की चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, हे घरच्यांना सांगा.

फ्रीजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

बीफार्म_अंतिमवर्ष
शेवटी "समजलं ना आजी?" विचारलं की सगळ्याच हो म्हणतात. आणि खुणा दिसत नसतील तर?

वॉर्डफार्मसिस्ट
तो प्रश्न विचारूच नकोस. "आजी, घरी गेल्यावर सुनेला कसं दाखवाल, ते मला दाखवा" म्हण आणि सिरिंज त्यांच्या हातात दे. जिथे हात अडेल तेवढाच भाग पुन्हा शिकव आणि परत करून घे. खुणा वाचता येत नसतील तर एकट्यांना घरी पाठवू नकोस. डोस भरून देणारं घरात कोण आहे ते विचार आणि त्या माणसाला शिकव. तसं कोणी नसेल तर डॉक्टरांना फोन करून पेनबद्दल बोल. त्यात आकडा फिरवताना प्रत्येक युनिटला टक असा आवाज येतो. मात्र पेनच्या काडतुसात १०० चं औषध असतं. ते सिरिंजने कधीच ओढायचं नाही, हे त्याच वेळी सांग.