मदत हवी आहे : मिनीच्या झग्यावर दोन छटांमधली रेघ जात नाही

निळा_जादूगार (धागाकर्ता)

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या भूमिका-खेळातल्या माझ्या जादूगाराची मिनी, म्हणजे छोटी आकृती, मी सध्या रंगवत आहे आणि त्याच्या झग्यापाशी पूर्ण अडकलो आहे. घड्यांच्या खोलगट भागात गडद निळा आणि उंचवट्यांवर फिकट निळा लावला की दोन्हींच्या मध्ये ठसठशीत रेघ उरते. ती पुसट करायला ओलसर ब्रश फिरवला तर रंग मिसळण्याऐवजी गोळा होतो, आणि कधीकधी खालचा थरच उचलला जाऊन मूळ पृष्ठभाग उघडा पडतो. व्हिडिओंमध्ये मंडळी हेच काम चार फटकाऱ्यांत करतात. रंग पुरेसा पातळ करतो आहे आणि ब्रशही नवा आहे, म्हणजे प्रश्न तंत्राचाच आहे. वेट ब्लेंडिंग, लेअरिंग आणि ग्लेझिंग यांपैकी कोणते तंत्र वापरावे, एवढेच कृपया सांगावे. शनिवारी खेळ आहे आणि त्याआधी झगा पूर्ण व्हायला हवा.

सहा_फाशे

एवढ्या माहितीवर तंत्र सुचवणे अवघड आहे. रंग कोणते आहेत, मिनी कशाची आहे, तिच्यावर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर, मारला आहे का, ब्रश कितव्या नंबरचा आहे आणि रंग कशावर काढून घेता, हे लिहा. कोणत्या गावात आणि कशा खोलीत बसून रंगवता, हेही लिहा. हा प्रश्न अवांतर वाटेल, पण अ‍ॅक्रिलिक रंगाच्या बाबतीत निम्मे उत्तर त्यातच असते.

ट्रेंटकाठ

मी नॉटिंगहॅमला राहते. वॉरहॅमर हा मिनींचा युद्धखेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचे मुख्यालय याच शहरात असल्यामुळे इथे रंगवणाऱ्यांची कमतरता नाही, आणि नवख्या माणसाने वेट ब्लेंडिंगपासून सुरुवात करू नये असे माझे ठाम मत झाले आहे. त्या तंत्रात दोन्ही रंग ओले असतानाच मिनीवर एकमेकांत ओढायचे असतात, आणि बत्तीस मिलिमीटरच्या आकृतीवर पातळ थर इतका लवकर सुकतो की हात बसलेला नसेल तर तुमच्यासारखीच गत होते.

त्याऐवजी लेअरिंग करावे, म्हणजे प्रत्येक थर सुकू द्यावा. आधी गडद निळा सगळीकडे लावावा. मग त्यात थोडा थोडा फिकट निळा मिसळत मधल्या छटा तयार कराव्यात आणि प्रत्येक छटा आधीच्यापेक्षा थोड्या लहान भागावर लावावी. दोन शेजारच्या छटांमधला फरक डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकाच असावा. रेघ दिसते ती बहुतेक वेळा हात कच्चा आहे म्हणून नव्हे, तर दोन छटांमध्ये उडी मोठी आहे म्हणून. तरीही जी पुसट रेघ उरेल तिच्यावर मधल्या छटेची ग्लेझ द्यावी, म्हणजे रंग इतका पातळ करावा की छापील कागदावर ओढला तर खालची अक्षरे स्वच्छ वाचता येतील.

निळा_जादूगार

रंग साधे अ‍ॅक्रिलिक आहेत आणि ब्रश बारीक आहे. मधल्या छटा करूनही पाहिल्या, पण दुसरी छटा लावताना पहिली उचलली जाते, म्हणून तर विचारतो आहे. पातळ ग्लेझ घड्यांच्या कडेला ओघळून तिथे डबके करते आणि सुकल्यावर भोवती कडा उमटते. हे टाळायचे कसे?

रंगपेटी

अ‍ॅक्रिलिकच्या मागे लागूच नका. मी अनेक वर्षे तैलरंगात काम करतो आणि मृदू छटांसाठी तैलरंगासारखे माध्यम नाही. झगा अ‍ॅक्रिलिकने एकसारखा रंगवा, त्यावर वार्निशचा संरक्षक थर द्या आणि मग गडद तैलरंग बिनवासाच्या व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून घड्यांत सोडा. तो तासन्‌तास ओला राहतो, त्यामुळे कोरड्या मऊ ब्रशने कडा हव्या तितक्या सावकाश विरघळवता येतात आणि बिघडले तर पुसून पुन्हा करता येते. ब्रशही चांगला घ्या. पूर्वी मुंगसाच्या केसांचे ब्रश सहज मिळत आणि त्यांची धार फार सुरेख असे.

सहा_फाशे

मुंगसाच्या केसांचे ब्रश कृपया कोणी शोधू नयेत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. एका ब्रशामागे प्राणी मारले जातात, त्यामुळे ही शिफारस इथे अनुत्तरित राहू नये. चांगल्या प्रतीचा, टोकदार कृत्रिम केसांचा एक किंवा दोन नंबरचा गोल ब्रश या कामाला पुरतो. धागाकर्त्यांनी ‘बारीक’ म्हटले आहे. तो शून्याच्याही खालचा असेल तर आधी बदलावा. इतक्या लहान ब्रशात रंगच मावत नाही आणि टोकावरचा थेंब मिनीपर्यंत पोहोचेपर्यंत सुकू लागतो. बारीक काम टोकामुळे होते, पोट मोठे असले तरी चालते.

तैलरंगांबद्दल एवढेच म्हणतो की सल्ला चांगला आहे, पण या शनिवारसाठी नाही. तैलरंग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन सुकतात आणि त्याला काही दिवस लागतात. खेळाच्या टेबलावर ती मिनी सगळ्यांच्या हाताला लागेल.

रंगपेटी

मुंगसाच्या ब्रशांबाबतची दुरुस्ती योग्य आहे आणि मी ती मान्य करतो. सुकण्याबद्दलचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. स्पिरिटमध्ये पातळ केलेला थर ट्यूबमधून काढलेल्या जाड रंगापेक्षा खूप लवकर सुकतो, आणि बर्न्ट अंबरसारखे मातकट रंग तर मुळातच लवकर सुकणारे आहेत. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून त्यातले जादा तेल शोषू दिले तर वेळ आणखी कमी होतो. शनिवारची घाई नसेल तेव्हा त्यांनी हे जरूर करून पाहावे.

वसलीवरची_रेघ

लघुचित्रांत छटा उतरवण्यासाठी परदाज नावाचे तंत्र वापरतात. पहाडी आणि मुघल चित्रांत चेहऱ्याची गोलाई दिसते ती रंग ओला असताना मिसळून आलेली नसते. ब्रशच्या अगदी टोकाने बारीक ठिपके किंवा रेघा शेजारीशेजारी मारून, जिथे छाया गडद हवी तिथे त्यांची दाटी वाढवून ती साधलेली असते. त्यासाठी वसली, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेला जाड कागद, गुळगुळीत दगडाने घोटून घ्यावा लागतो, म्हणजे ब्रश अडखळत नाही. कागद कसा चिकटवावा आणि घोटावा हे हवे असल्यास सविस्तर लिहीन.

ट्रेंटकाठ

धागाकर्ते कागदावरच्या चित्राबद्दल नव्हे, खेळातल्या छोट्या आकृतीबद्दल विचारत आहेत, त्यामुळे वसलीची माहिती त्यांच्या कामी येणार नाही. पण ठिपक्यांचा मुद्दा मोलाचा आहे. आमच्याकडे यालाच स्टिपलिंग म्हणतात आणि कातड्याचे पट्टे, जाडेभरडे कापड किंवा चेहरा यांवर ते फार शोभते. प्रत्येक ठिपका सुटा आणि कोरडा असल्यामुळे थर उचलला जाण्याचा धोकाही कमी. सपाट रेशमी झग्यावर मात्र मी ग्लेझच वापरेन.

पेणचा_वारा

आमच्याकडे गणपतीच्या मूर्तींवर अंगाच्या छटा स्प्रेगननेच उतरवतात. डोळ्यांची आखणी हातानेच होते, पण गालावरची किंवा पितांबराच्या चुण्यांमधली छाया ब्रशने उतरवत बसलो तर हंगाम निघून जाईल. लहान कॉम्प्रेसर आणि एअरब्रश घ्या. गडद रंग खालून आणि फिकट रंग वरून तिरका मारा. रेघ उमटण्याचा प्रश्नच उरणार नाही.

सहा_फाशे

मोठ्या मूर्तीवर आणि एकाच दिवशी अनेक मूर्ती करायच्या असतील तेव्हा हे अगदी बरोबर आहे. पण एका जादूगारासाठी कॉम्प्रेसर घेऊन, बत्तीस मिलिमीटरच्या आकृतीवर चेहरा, हात आणि काठी झाकून फक्त झग्यावर फवारणे नवख्याला जमणार नाही. शिवाय ब्लेंडिंग शिकायचे असेल तर हातात ब्रश हवा. एअरब्रश असूनही शेवटच्या कडा सगळे ब्रशनेच करतात.

पेणचा_वारा

झाकण्याची गरज नाही. झगा आधी फवारायचा आणि बाकीचे अवयव नंतर ब्रशने रंगवायचे, हा क्रम पाळला की झाले. शिकण्याला माझा विरोध नाही, पण त्यांना शनिवारपर्यंत झगा हवा आहे.

चौकटीतला_सैनिक

शनिवार गाठायचा असेल तर सर्वांत सोपा मार्ग कोणीच सांगितलेला नाही. मिनीवर काळा प्रायमर मारा, सुकल्यावर वरून पांढरा मारा किंवा जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर पांढरा घासा आणि त्यावर कॉन्ट्रास्ट रंगाचा एकच हात द्या. गेम्स वर्कशॉपने 2019मध्ये हे रंग आणले तेच याच कामासाठी. खोलगट भागात रंग साचून गडद दिसतो, उंचवट्यावर विरळ होतो, आणि खालच्या काळ्या-पांढऱ्यामुळे छटा आपोआप मिळते.

ट्रेंटकाठ

पूर्ण सैन्य रंगवायचे असेल तर मीही हेच करते. पण कॉन्ट्रास्टचा थर घड्या जवळजवळ असलेल्या भागावर सुंदर दिसतो आणि पाठीवरच्या रुंद सपाट कापडावर डागाळतो. जादूगाराच्या झग्याची पाठ म्हणजे नेमका तोच भाग. धागाकर्त्यांनी उपाय मागितला आहे, तसे शिकायलाही मागितले आहे असे मी समजते. पहिल्या प्रश्नांची उत्तरे अजून आलेली नाहीत.

निळा_जादूगार

सगळे एकत्र लिहितो. मी नागपूरला आहे. सध्या मे महिना असल्यामुळे दुपारी कूलरसमोर टेबल मांडून रंगवतो. रंग हस्तकलेच्या दुकानातले, कापडावरही चालणारे अ‍ॅक्रिलिक आहेत. ब्रश तीन शून्यांचा आहे. रंग प्लास्टिकच्या झाकणात काढतो आणि नळाच्या पाण्याने पातळ करतो. मिनी मित्राने थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये काढून दिली आहे, आणि ती मुळातच करड्या रंगाची असल्यामुळे प्रायमर वेगळा मारलेला नाही. याचा ब्लेंडिंगशी संबंध आहे का?

सहा_फाशे

फार जवळचा संबंध आहे, आणि आता उत्तर देता येईल.

अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे बंधकाचे (रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या घटकाचे) सूक्ष्म कण आणि रंगद्रव्य. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणजे रंग एक तर पूर्ण ओला असताना हलवावा किंवा पूर्ण सुकल्यावर त्यावर नवा थर द्यावा. मधल्या अर्धवट अवस्थेत ब्रश लागला की पापुद्रा फाटतो आणि त्याचे गोळे होतात. मे महिन्यातल्या नागपुरात, कूलरच्या झोतात, झाकणात काढलेल्या आणि तीन शून्यांच्या ब्रशने लावलेल्या रंगाला ओली अवस्था जवळजवळ मिळतच नाही. ज्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहता त्यांतले बरेच जण थंड, बंद खोलीत बसलेले असतात.

थर मुळापासून उचलला जाण्याचे कारण मात्र वेगळे आहे. रेझिनवर प्रायमर नसेल तर अ‍ॅक्रिलिकला धरायला काही नसते, आणि प्रिंटनंतर मिनी नीट धुतलेली नसेल तर वर न घट्ट झालेल्या रेझिनचा बुळबुळीत थर राहतो. बोटाला चिकट लागत असेल तर हातमोजे घालून ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी, वाळवावी आणि अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात कडक होऊ द्यावी. या अल्कोहोलने आत्ताचा रंगही निघेल, आणि ते बरेच होईल.

ट्रेंटकाठ

प्रायमरबाबत एक सावधगिरी हवी. नागपूरच्या दुपारच्या उन्हात स्प्रे कॅन वापरू नये, कारण थेंब मिनीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग पिठूळ होतो. पहाटे फवारावे किंवा ब्रशने लावायचा पॉलियुरेथेन-अ‍ॅक्रिलिक प्रायमर दोन पातळ हातांनी लावून रात्रभर राहू द्यावा.

झाकणाऐवजी वेट पॅलेट करावे. पसरट डब्यात ओला स्पंज किंवा टिशूच्या घड्या ठेवाव्यात आणि त्यावर बेकिंगचा बटर पेपर अंथरावा. खालचे पाणी कागदातून हळूहळू वर येत राहते आणि रंग बराच वेळ कामाचा राहतो. मेण लावलेला कागद चालत नाही, कारण त्यातून पाणी येत नाही. उन्हाळ्यात पाणी रोज बदलावे, नाहीतर बुरशी धरते.

ग्लेझच्या डबक्यांचा प्रश्न राहिला होता. ब्रश ग्लेझमध्ये बुडवल्यावर त्याचे पोट टिशूला टेकवून जादा पाणी काढावे आणि मगच मिनीला लावावा. ब्रश ज्या दिशेला ओढून उचलाल, तिथे रंगद्रव्य सर्वांत जास्त साचते. म्हणून छाया गडद करायची असेल तर फटकारा उजेडाकडून खोलगट भागाकडे न्यावा आणि उजेड वाढवायचा असेल तर उलट. रेघ घालवण्यात या एका सवयीचा वाटा सर्वांत मोठा आहे, तरी बहुतेक जण फक्त पाण्याचे प्रमाण विचारतात. केवळ पाण्याऐवजी थोडे मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेले, न चमकणारे अ‍ॅक्रिलिक बंधक) घातले तर पातळ झालेल्या रंगातही बंधक पुरेसे राहते आणि कडा कमी उमटते.

रंगपेटी

रिटार्डरचे एक-दोन थेंब घातले तर सुकण्याचा वेग आणखी कमी होईल.

सहा_फाशे

वेट ब्लेंडिंगसाठी ते योग्य आहे, पण ग्लेझिंगमध्ये नको. तिथे प्रत्येक थर लवकर आणि पूर्ण सुकायला हवा असतो, आणि रिटार्डर जास्त झाला तर थर चिकट राहून पुन्हा उचलला जातो. थोडक्यात, नागपूरचा उन्हाळा वेट ब्लेंडिंगच्या मुळावर येतो, पण ग्लेझिंगला तो मदतच करतो. कूलरची दिशा बदला, ब्रश मोठा घ्या आणि ग्लेझिंग करा. कापडावरचे रंग कापड लवचीक राहावे म्हणून मऊ बंधकात बनवलेले असतात, म्हणून इथे ते बाजूला ठेवा. एवढ्या झग्यासाठी मिनी रंगवण्यासाठीच्या रंगांतले दोन निळे आणि एक फिकट करडा घेतलात तरी पुरेल.

निळा_जादूगार

रंग धुऊन काढला, प्रायमर लावला आणि आधी मिनी उभी करायच्या एका रिकाम्या चकतीवर सराव केला. फटकाऱ्याची दिशा बदलल्यावर रेघ खरोखर विरळ होत गेली. मात्र निळ्यात पांढरा मिसळून केलेला सर्वांत वरचा उजेड खडूसारखा भुरकट दिसतो. तोही पातळ करून पाहिला.

ट्रेंटकाठ

तो पांढऱ्याचा गुण आहे. टायटॅनियम पांढरा फार झाकणारा असल्यामुळे निळ्याचा तजेला मारतो आणि पातळ केला तरी भुरकट राहतो. पांढऱ्याऐवजी फिकट करडा-निळा किंवा किंचित हाडाच्या रंगाचा फिकट रंग मिसळा, आणि शुद्ध पांढरा फक्त सर्वांत टोकाच्या कडेवर, अगदी थोडा ठेवा. छायेकडेही काळा घालू नका. गडद निळ्यात थोडा जांभळा किंवा तपकिरी घाला. आता झालेल्या भुरकट भागावर मूळ मधल्या निळ्याची एक फार पातळ ग्लेझ फिरवा, तजेला बराचसा परत येईल. शनिवारी मिनी हाताळली जाणार असल्यामुळे आदल्या रात्री मॅट वार्निशचे दोन पातळ हात ब्रशने द्या. पहिला हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा देऊ नका.