अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवरचा) बास पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) करायचाय: प्रीअँप काढल्यावर काय काय बदलावं लागेल?

पाचतारी
पाचतारी बास गिटार आहे, दोन जॅझ प्रकारचे पिकअप (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या), ९ व्होल्टचा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं आतलं सर्किट). नॉब पाच: व्हॉल्यूम, ब्लेंड (दोन पिकअपचं मिश्रण), बास, मिड, ट्रेबल. नवी बॅटरी टाकूनही मध्येच आवाज फाटतो. इक्यू (बास-मिड-ट्रेबल कमीजास्त करणं) अँपवरच करतो, त्यामुळे प्रीअँप काढून व्हॉल्यूम-व्हॉल्यूम-टोन असं साधं वायरिंग हवंय. आहेत तेच पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) आणि जॅक (केबल लावायची जागा) चालतील का? कपॅसिटर कितीचा घ्यावा?

कच्चाडाग
आधी पिकअप कसले आहेत ते बघा. प्रीअँप आहे म्हणजे पिकअपही अ‍ॅक्टिव्ह असतील असं नाही. बॅटरीच्या प्लसकडे जाणारी वेगळी वायर पिकअपमधून निघत असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह, बॅटरीशिवाय चालणार नाही. मग पिकअपच बदला. दोनच वायरी असतील तर त्या सोडवून मल्टिमीटर २० किलोओहमवर लावा. साधारण ७ ते ९ किलोओहम आलं तर जॅझचा पॅसिव्ह पिकअप, काम सोपं आहे.

पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचा. २५, ५० किंवा १०० के (किलोओहम) असेल तर तो पॅसिव्हला नको. एवढ्या कमी रेझिस्टन्सवर पिकअपची ट्रेबल मरते, आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. ए२५०के (ए म्हणजे ऑडिओ टेपर) असे तीन लागतील. मोठ्या पॉटला ९.५ मिमीचं भोक लागतं; तुमची भोकं लहान असतील तर लाकूड पोखरत बसू नका, १६ मिमीचे छोटे पॉट घ्या.

पॉटची पाठ तुमच्याकडे, पाय खाली धरा. व्हॉल्यूमला पिकअपची हॉट (सिग्नलची) वायर मधल्या पायावर, डावा पाय आउटपुट, उजवा ग्राउंड. हॉट बाहेरच्या पायावर दिली तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच दोन्ही पिकअप बंद पडतात, आणि ही चूक फार होते. दोन्ही आउटपुट एकत्र करून टोनच्या उजव्या पायावर आणि जॅकच्या टिपवर (प्लगच्या टोकाला टेकणारा पाय). टोनच्या मधल्या पायापासून पॉटच्या पाठीवर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वर ४७३ लिहिलेलं असतं). डावा पाय रिकामा. ५० व्होल्टचा साधा फिल्म कपॅसिटर पुरतो, महागाचा घेऊन फरक ऐकू येत नाही.

जॅक तोच राहू द्या. त्याच्या रिंगवर (टिप आणि ग्राउंड सोडून उरलेला पाय) बॅटरीची काळी वायर असते, ती काढून पाय मोकळा सोडा. सिग्नल चुकून रिंगवर दिला तर मोनो प्लग तो थेट ग्राउंड करतो, आवाज शून्य.

पॉटच्या पाठीवर डाग देताना (सोल्डर करताना) ती सँडपेपरने घासा आणि ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न वापरा. मोबाइल दुरुस्तीच्या छोट्या आयर्नने पॉटची पाठ तापतच नाही.

खर्जाचा_सा
वायरिंग बरोबर आहे, पण प्रीअँप गेला की बफरही (केबलमुळे आवाज बदलू न देणारा भाग) जातो, हे लक्षात ठेवा. केबलची कपॅसिटन्स ढोबळमानाने मीटरला १०० पिकोफॅरड. ६ मीटरच्या केबलला ६०० होतात आणि वरची चमक ऐकू येईल इतकी कमी होते. ३ मीटरची केबल घ्या, नाहीतर साखळीत पहिलाच पेडल बफर असलेला ठेवा. डीआय बॉक्सही (बास थेट मिक्सरला जोडायची पेटी) अ‍ॅक्टिव्ह हवा.

प्रीअँप फेकू नका. तो दुरुस्त झाला तर रिकाम्या भोकात बायपास स्विच (प्रीअँप हवा तेव्हा वगळायचा) बसवता येईल.

पाचतारी
केलं. आवाज येतोय, पण गुणगुण आहे. तारांना हात लावला तरी कमी होत नाही, जॅकच्या धातूला लावला की कमी होते. शिवाय दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की बास गायब, नुसता नाकातला आवाज.

कच्चाडाग
दोन वेगळे दोष आहेत. पहिला: ब्रिजची ग्राउंड वायर सुटलीय. ब्रिज (तारा टेकतात तो धातूचा भाग) ते जॅकची स्लीव्ह (ग्राउंडचा पाय) असा मल्टिमीटर लावा, १ ओहमच्या आत यायला हवं. येत नसेल तर ब्रिज उचलून वायरीचं उघडं टोक त्याखाली नीट दाबून बसवा आणि दुसरं टोक पॉटच्या पाठीवर डाग द्या.

दुसरा: पिकअप उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या उलट आहे. कोणत्याही एकाच पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा. मात्र ज्याची ग्राउंड वायर शील्डला (गुणगुण अडवणारं धातूचं आवरण) जोडलेली नाही तोच निवडा, नाहीतर शील्डच हॉट होईल. जॅझचे दोन पिकअप सहसा एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, म्हणून एकत्र वाजवले की गुणगुण कटते. फेज उलटली की सूर कटतो आणि गुणगुण वाढते. त्यामुळे आधी फेज सरळ करा, मग ब्रिज जोडून परत ऐका.